स्टार वॉर्स कोणत्या क्रमाने दाखवू? (प्रेक्षक : दोन पोट्टे आणि एक आजोबा)

गोकुळपेठी

सुट्ट्या लागल्या. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, सकाळी अकरानंतर पोरांना घराबाहेर सोडायची सोय नाही. घरात माझी मुलगी (वय १०), पुण्याहून आलेला भाचा (वय १३) आणि बाबा (वय ७४, महालातलं घर डागडुजीला काढल्यामुळे सध्या आमच्याकडे). दुपारच्या वेळात तिघांना मिळून स्टार वॉर्स दाखवायचं ठरवलंय. मी स्वतः कॉलेजात असताना एकदोन भाग तुकड्यातुकड्यांनी पाहिलेत, नवरा म्हणतो त्याने सगळे पाहिलेत पण त्याला काही आठवत नाही.

प्रश्न साधा आहे. भाग १ पासून सुरू करू की भाग ४ पासून? ऑफिसात विचारलं तर तिघांनी तीन क्रम सांगितले आणि डबा संपेपर्यंत भांडले. रहस्यं फुटली तरी चालतील, पोरं इथे वाचत नाहीत.

संग्राहक

यात प्रश्न काय आहे? ज्या क्रमाने प्रदर्शित झाले त्या क्रमाने. ४, ५, ६ मग १, २, ३ मग ७, ८, ९.

१९७७ साली पहिला सिनेमा आला तेव्हा त्याचं नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं. 'भाग ४' ही पाटी त्याला १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात चिकटली. म्हणजे तो चौथा नाहीच, पहिलाच आहे, फक्त आकडा नंतर बदलला. त्यामुळे नवख्या माणसाला जे जे सांगायला हवं ते सगळं त्यात आहे. फोर्स म्हणजे काय, जेडाय योद्धे कोण होते, साम्राज्य वाईट का. नायक ल्यूकला काही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही, दोघं बरोबरच शिकतो. कथेची सुरुवातसुद्धा दोन यंत्रमानवांच्या मागे मागे जाऊन होते. ही युक्ती दिग्दर्शक जॉर्ज ल्युकसने कुरोसावाच्या 'हिडन फोर्ट्रेस' या जपानी सिनेमावरून उचलली, तिथे दोन भुक्कड शेतकरी आहेत.

भाग १ मात्र सगळं ठाऊक असलेल्यांसाठी बनवलाय. पिवळ्या अक्षरांतल्या प्रस्तावनेत दुसऱ्याच वाक्यात व्यापारी मार्गांवरच्या करांचा वाद येतो. दहा वर्षांची मुलगी जीएसटीवरचा सिनेमा का पाहील?

बर्डीचा_बंड्या

पह्यले कूलरची टाकी भरा बे, मंग ठरवा कोणता भाग लावाचा ते. इथं पारा ४५ च्या वर जाऊन राह्यला अन् लोकं १ अन् ४ करून राह्यले.

मास्तर_निवृत्त

संग्राहक यांच्याशी मी सहमत नाही. आकडे दिलेत ते पाहण्यासाठीच. भाग १ ते ६ ही एका माणसाची कथा आहे. गुलाम आईचा हुशार मुलगा अनाकिन मोठा योद्धा होतो, घसरतो, डार्थ व्हेडर नावाचा खलनायक होतो आणि शेवटी मुलामुळे सावरतो. ल्युकसचंही म्हणणं क्रमांकानेच पाहा असं आहे.

राहिला रहस्याचा मुद्दा. व्हेडर ल्यूकचा बाप आहे हे आधी कळलं तर मजा जाते म्हणतात. आपल्याला तरी हे पटू नये. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे महाभारत ऐकणाऱ्याला आदिपर्वातच कळतं. कर्णाला ते उद्योगपर्वात कळतं आणि युधिष्ठिराला युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी. म्हणून आपला रस कमी झाला का? उलट अर्जुन आणि कर्ण समोरासमोर येतात तेव्हा पोटात कालवतं ते आपल्याला माहीत असतं म्हणूनच. एवढंच काय, वैशंपायन ही सगळी कथा सांगतो जनमेजयाला, अर्जुनाच्या पणतवाला. कोण जिंकलं हे ऐकणाऱ्याच्या जन्मावरूनच स्पष्ट आहे.

क्रमाने पाहिलं की भाग ४ मध्ये म्हातारा जेडाय ओबी-वान ल्यूकला 'तुझ्या वडिलांना व्हेडरने मारलं' असं सांगतो तेव्हा आपण चरकतो. हा खोटं बोलतोय, आणि का बोलतोय तेही आपल्याला ठाऊक असतं. हा प्रसंग दुसऱ्या कुठल्याही क्रमात इतका चांगला लागत नाही.

चौथी_मिती

मास्तर, सुंदर प्रतिसाद. पण एक अडचण आहे. व्यासांना शेवट ठाऊक होता, ल्युकसला १९७७ मध्ये नव्हता! भाग ५ चा पहिला मसुदा ली ब्रॅकेटने लिहिला, त्यात ल्यूकचे वडील वेगळेच आहेत आणि आत्मा होऊन त्याला भेटतात. बाप आणि खलनायक एकच, हे त्यानंतर ठरलं. त्यामुळे भाग ४ मध्ये ओबी-वानचं काम करणारा अॅलेक गिनेस ते वाक्य खरं समजूनच बोललाय. आपण मागाहून त्यात खोटेपणा पाहतो.

आणि क्रमाने पाहिल्यावर काय काय हातचं जातं पाहा. भाग ५ मधला योडा. दलदलीत एक हिरवं, खोडकर, खायला चोरणारं बुटकं ध्यान भेटतं, ल्यूक वैतागतो, आणि मग कळतं की महान गुरू तो हाच. भाग १, २, ३ पाहून आलेल्या पोरांना तो पहिल्या क्षणी ओळखू येणार. ती वैतागणार ल्यूकवर, की याला एवढंही कळत नाही!

शिवाय भाग ३ च्या शेवटी ल्यूक आणि लीया ही जुळी जन्मतात आणि त्यांची नावंही ठेवतात. मग भाग ५ मध्ये लीया ल्यूकचं चुंबन घेते तो प्रसंग आजोबांच्या शेजारी बसून पाहायची तयारी ठेवा.

कडुनिंब

शेवटच्या परिच्छेदाला 😂😂 आमच्याकडे हे घडलंय. आईने उठून स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासली.

हिंगणा_रोड

मधला मार्ग आहे ना. मॅशेटी ऑर्डर. २०११ मध्ये एका अमेरिकन प्रोग्रामरने आपल्या ब्लॉगवर मांडली आणि तेव्हापासून सगळीकडे पसरली. ४, ५, २, ३, ६. भाग ५ संपतो तिथे ल्यूकचा हात तुटलेला, बापाचं कळलेलं. तिथे थांबायचं आणि मागे जायचं, बाप असा झाला तरी कसा हे पाहायला. मग परत येऊन भाग ६. रहस्यही शाबूत राहतं आणि शेवटही शेवटीच येतो.

याने भाग ६ फार वजनदार होतो. ल्यूक काळे कपडे घालून जब्बा या गुंडाच्या महालात शिरतो आणि पहारेकऱ्यांचा गळा लांबूनच आवळतो, ते नुसतं पाहिलं तर स्टाइल वाटते. नुकताच भाग ३ पाहिलेला असेल तर छातीत धस्स होतं, कारण अनाकिनने बायकोचा गळा असाच आवळलेला असतो.

भाग १ गाळायचा. त्यात अनाकिन नऊ वर्षांचा आहे, क्वाय-गॉन मरतो, डार्थ मॉल मरतो, मिडीक्लोरियनचा (फोर्सशी जोडणारे सूक्ष्मजीव) काथ्याकूट होतो. पुढच्या कथेसाठी त्यातलं फार थोडं लागतं. आणि जार जार बिंक्स हे विदूषकी पात्र टळतं तो वेगळाच फायदा.

अरणी

भाग १ गाळू नका हो! दहा वर्षांची मुलगी आहे म्हणतायत ना त्या?

जार जार मोठ्यांना आवडत नाही. माझ्या दोन्ही मुलांना तो सगळ्यात जास्त आवडला. पॉडरेस, म्हणजे यानांची शर्यत, तर इतक्यांदा लावली की मला ती पाठ झाली. आणि शेवटची तिहेरी तलवारबाजी, मागे जॉन विल्यम्सचं कोरस असलेलं संगीत. ते गाळून तुम्ही पोरांना भाग २ मधलं वाळू-खरखरीत-असते वालं प्रेमप्रकरण दाखवणार?

कथेसाठी लागत नाही हेही पटत नाही. भाग २ मध्ये अनाकिन आईला शोधत जातो, ती त्याच्या हातात जीव सोडते आणि तो अख्खी वस्ती कापून काढतो. भाग १ मध्ये त्या आईने त्याला 'मागे वळून पाहू नकोस' म्हणत पाठवलेलं पाहिलं नसेल, तर ही बाई कोण आणि आपण का रडायचं?

मॅशेटी करायचीच तर १ घालून करा. ४, ५, १, २, ३, ६.

संत्री_संत्री

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. (संत्रा बर्फी संपली.)

संग्राहक

मधे घुसवायचं म्हणजे किती ते मोजलं का कोणी? १, २ आणि ३ मिळून साधारण सात तास होतात. भाग ५ च्या शेवटी ल्यूकचा मित्र हान सोलोला कार्बोनाइटमध्ये गोठवून जब्बाकडे पाठवलेलं असतं. पोरांना त्या क्षणी एकच प्रश्न असतो, हान सुटतो का? आणि तुम्ही त्यांना सात तास सिनेटमधली भाषणं दाखवणार.

हिंगणा_रोड

१९८० साली लोक तीन वर्षं थांबले होते, सात तासांचं काय घेऊन बसलात?

चौथी_मिती

यात एक गोष्ट अजून कोणीच विचारात घेतलेली नाही. ऑनलाइन जे उपलब्ध आहे ते १९७७, ८०, ८३ चे मूळ सिनेमे नाहीत. १९९७ मध्ये ल्युकसने तिन्ही भागांत फेरफार केले, २००४ च्या डीव्हीडीत आणखी केले, त्यानंतरही हात फिरवतच राहिला. मूळ रूपं शेवटची अधिकृतपणे मिळाली ती २००६ च्या डीव्हीडीत, जोडचकती म्हणून.

बहुतेक बदल किरकोळ आहेत. भाग ४ मध्ये आधी गोळी हानने झाडली की त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोने यावर लोक मारामारीपर्यंत येतात, येऊ देत. पण भाग ६ च्या शेवटचा बदल आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. शेवटी ओबी-वान आणि योडाच्या शेजारी अनाकिनचा आत्मा उभा राहतो. १९८३ मध्ये तिथे सेबास्टियन शॉ होता, म्हणजे मुखवटा काढल्यावर दिसलेला तोच म्हातारा चेहरा. २००४ पासून तिथे हेडन क्रिस्टेन्सन आहे, भाग २ आणि ३ मधला तरुण. त्याच शेवटात नाबू ग्रहावरचा जल्लोषही घुसवलाय, जो भाग १ पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही.

म्हणजे संग्राहक म्हणतात तसा ४, ५, ६ असा क्रम लावला तर शेवटच्या दृश्यात एक अनोळखी पोरगा हसत उभा. प्रदर्शनाचा क्रम तुम्ही पाळाल हो, पण त्या क्रमात जो सिनेमा लोकांनी पाहिला तो आता लावायला मिळतच नाही. आज मिळणारा भाग ६ हा १, २, ३ नंतर पाहायचा म्हणूनच दुरुस्त केलेला आहे. माझं मत म्हणून अरणींच्या क्रमाला.

संग्राहक

मुद्दा बिनतोड आहे, पण त्या एका दृश्यापायी अख्खा क्रम उलटा करणं मला मान्य नाही. माझ्याकडे २००६ च्या चकत्या आहेत. गोकुळपेठी, तुमच्याकडे डीव्हीडी प्लेअर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, धरमपेठेतच राहतो.

विदर्भ_एक्स्प्रेस

क्लोन वॉर्स मालिका कोणी बोललंच नाही! २ आणि ३ च्या मधे बसते. सात सीझन, १३३ भाग. ती पाहिल्याशिवाय अनाकिन चांगला माणूस होता यावर विश्वासच बसत नाही. सिनेमात तो भाग २ भर कुरकुरतो आणि भाग ३ मध्ये बिघडतो, मधला शूर, मित्रांसाठी जीव टाकणारा अनाकिन फक्त मालिकेत आहे. आणि त्याची शिष्या अशोका. शेवटचे चार भाग तर थेट भाग ३ च्या घटनांना समांतर चालतात.

बर्डीचा_बंड्या

१३३?? भाऊ, सुट्ट्या संपून पोट्टे कॉलेजात जातीन.

मास्तर_निवृत्त

थोडं अवांतर. पोरं शास्त्रात रमणारी असतील तर मधे मधे थांबवून बोला. भाग ४ मध्ये हान फुशारकी मारतो की केसेल रन बारा पार्सेकपेक्षा कमीत केली. पार्सेक हे अंतराचं माप आहे, वेळेचं नव्हे. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं. मी हे वर्गात दरवर्षी विचारायचो, पकडणारा एखादाच निघायचा. २०१८ च्या 'सोलो'मध्ये मग त्यांनी सारवासारव केली, की धोक्याच्या जवळच्या वाटेने गेल्यामुळे अंतरच कमी झालं.

ल्यूकच्या टॅटूईन ग्रहाला दोन सूर्य दाखवलेत तेही निव्वळ थाप नाही. दोन ताऱ्यांभोवती फिरणारा केप्लर-१६बी हा ग्रह २०११ मध्ये सापडला. एखाद्या संध्याकाळी रामन विज्ञान केंद्रातल्या तारांगणात न्या, गणेशपेठेतच आहे, आणि तिथलं एसी हा वेगळा लाभ.

संत्री_संत्री

दोन सूर्य तर आपल्याकडे मे महिन्यात रोजच असतात, त्यासाठी २०११ पर्यंत थांबायची गरज नव्हती.

गोकुळपेठी

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

चौकशी केली. भाच्याला सगळं ठाऊक आहे. मुलीलाही व्हेडर बाप आहे हे माहीत आहे, वर्गातल्या कुणाच्या तरी कंपासपेटीवरून विषय निघाला होता म्हणे. म्हणजे पोरांपासून लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

पण बाबा! बाबांना ओ की ठो माहीत नाही. त्यांना वाटत होतं हा चंद्रावर जाण्याचा सिनेमा आहे. तर रहस्य जपायचं ते त्यांच्यासाठी. पोरांना तंबी दिली आहे, तोंड उघडलं तर आइसक्रीम बंद.

चौथी_मिती

हे तर फारच भारी. आजच्या काळात ७४ वर्षांचा कोरा प्रेक्षक! भाग ४ आणि ५ एवढं तरी आधी, याबद्दल आता मास्तरांनीही हट्ट सोडावा.

मास्तर_निवृत्त

सोडत नाही. पण त्यांचे वडील माझ्यापेक्षा वयाने मोठे, त्यामुळे गप्प बसतो.

कडुनिंब

काकांसाठी सबटायटल नक्की लावा. कूलर हायवर असला की योडा काय बोलतो ते देवालाही कळत नाही. सुरुवातीची पिवळी अक्षरं वर सरकत जातात तिथे पॉज करून एकाने मराठीतून वाचून दाखवायचं. आमच्याकडे हा मान धाकट्याचा होता.

शून्य_मैल

मी म्हणतो, 'रोग वन' या वेगळ्या सिनेमापासून सुरुवात करा. त्याचा शेवट होतो तिथून काही क्षणांतच भाग ४ सुरू होतो. साम्राज्याच्या डेथ स्टार या महाशस्त्राच्या नकाशांसाठी माणसं कशी मेली ते कळलं की भाग ४ ला वेगळीच धार येते.

हिंगणा_रोड

शून्य_मैल, नको. २०१६ चा सिनेमा पाहून लगेच १९७७ चा लावला तर पोरं म्हणतील हा स्वस्तातला आहे. 'रोग वन'च्या शेवटी व्हेडर बोळात एकट्याने सैनिकांची फळी कापत जातो, आणि त्यानंतर थोड्याच वेळात तोच व्हेडर भाग ४ मध्ये ओबी-वानशी काठ्या खेळल्यासारखा हळूहळू लढतो. शिवाय त्यातली सगळी मुख्य मंडळी मरतात, दहा वर्षांच्या मुलीला ते जड जाईल. भाग ६ नंतर केव्हाही, भाच्यासोबत. 'अँडोर' त्याहूनही पुढे ठेवा, ती मोठ्यांची मालिका आहे. २४ भाग, त्यात लाइटसेबर (जेडायची प्रकाशाची तलवार) नाही, पण माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात त्याहून चांगलं लिखाण झालेलं नाही.

एकटा_जेडाय

७, ८, ९ पाहायचेच कशाला? ७ म्हणजे ४ चीच झेरॉक्स. ८ ने जे मांडलं ते ९ ने पुसून टाकलं. डिस्नेने २०१२ मध्ये चार अब्ज डॉलर मोजले आणि

एकटा_जेडाय

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला). वरचा प्रतिसाद अर्धवट गेला, पुढचा लिहिला होता तो मीच काढला.

संपादक मंडळ

७, ८, ९ वर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही वाचनमात्र करावे लागले आहेत. कृपया या धाग्यावर मूळ विषयाला धरून लिहा.

गोकुळपेठी

अपडेट.

भाग ४ झाला, भाग ५ झाला. रोज दुपारी एक, जेवणं आटोपून, पडदे ओढून. बाबांना ४ ठीकठाक वाटला, ओबी-वान मेला तेव्हा 'एवढा जुना माणूस उगाच मारला' म्हणाले. ५ मध्ये मात्र खुर्ची पुढे ओढून बसले.

व्हेडर ल्यूकला 'मी तुझा बाप' म्हणतो तो प्रसंग आला. पोरं पडद्याकडे न बघता बाबांकडे बघत होती. बाबा काही क्षण गप्प. मग ठामपणे म्हणाले, 'खोटं बोलून राह्यला तो. पोराला फितवायला.' आणि सिनेमा संपेपर्यंत ते मत बदललं नाही.

मी अरणी आणि चौथी_मिती यांच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी भाग १ लावायला घेतला तर बाबा म्हणाले, मागचं मग दाखव, आधी हा खरा का खोटा ते दाखव.

चौथी_मिती

काकांना सांगा, व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सलाही ते वाक्य पहिल्यांदा वाचताना हेच वाटलं होतं, की हा खोटं बोलतोय! आणि आत सूट घालून उभ्या असलेल्या डेव्हिड प्राऊसला तर चित्रीकरणात वेगळंच वाक्य दिलं होतं, 'तुझ्या बापाला ओबी-वानने मारलं'. सेटवरून बातमी फुटू नये म्हणून.

संग्राहक

आणि म्हणूनच भाग ६ मध्ये ल्यूक मरणाऱ्या योडाला तोंडावर विचारतो, तो माझा बाप आहे का? योडा टाळतो, कूस बदलतो, मग हो म्हणतो. तो प्रसंग अशाच शंकेखोर प्रेक्षकासाठी आहे. मधे १, २, ३ घातले असते तर योडा कशाला आढेवेढे घेतोय असं वाटलं असतं. मॅशेटीवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

हिंगणा_रोड

उत्तर नाही. हा प्रसंग मी कधी त्या बाजूने पाहिलाच नव्हता. तरी गळा आवळण्याबद्दलचं माझं म्हणणं कायम.

अरणी

मग लावलात का ६? आणि शेवटच्या त्या पोरग्याचं काय केलंत?

गोकुळपेठी

लावला. मधे लाइट गेली, पोरांनी ओल्या टॉवेलवर तास काढला, पण आजच संपवायचा म्हणून सगळे अडून बसले. योडाने हो म्हटल्यावर बाबा 'हं' एवढंच म्हणाले. व्हेडरने सम्राटाला उचलून फेकलं तेव्हा मात्र त्यांनी चष्मा पुसला, आणि पोरांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

शेवटी तीन आत्मे उभे राहिले. चौथी_मिती यांनी सांगितलं होतं तसंच झालं. बाबा म्हणाले, 'हे दोन कळले, हा पोट्टा कोण?' मी काही बोलणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, 'आबा, त्याचीच गोष्ट उद्यापासून.'

तर उद्या भाग १.

बर्डीचा_बंड्या

जमलं नं बाप्पा. पॉडरेसच्या टायमाले आवाज फुल करजा.

शून्य_मैल

आणि 'रोग वन' भाग ३ नंतर की थेट शेवटी? म्हणजे काकांनी ४ पाहिलेलाच आहे, तर ३ संपल्यावर 'रोग वन' लावला की मधली सगळी फट बुजते.

मास्तर_निवृत्त

३ नंतर लगेच नको. ३ चा शेवट फार जड आहे, वर पुन्हा सगळे मेलेले कशाला. एक दिवस मधे जाऊ द्या, तारांगणात जाऊन या.